दादाचा खांदा, पिकअपचा पंप

सानपाडा, नवी मुंबई
मे अखेर

प्रिय सखी,

तुझा मेल मी दादालाही वाचून दाखवला. गेल्या हिवाळ्यात कॅलगरीच्या उणे पंचवीसमध्ये तुमची जुनी पिकअप सुरू केली की पंप रडायचा, पहिली काही मिनिटं स्टिअरिंग वळता वळत नव्हतं, मग गाडी तापली की सगळं सुरळीत. आणि आता पुढच्या थंडीआधी मोठा पंप बसवून टाकावा असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. यावर माझं मत काय, असं विचारलंस. दादा लगेच म्हणाला, "तिला सांग, आपण आत्ताच केलंय हे काम." केलंय खरंच, आणि मनासारखं झालंय. त्यामुळे तुझ्या दोन ओळींच्या प्रश्नाला मी पानंच्या पानं लिहिणार आहे. डिप्लोमाला हायड्रॉलिक्सचं जर्नल आपण मिळून लिहायचो, आठवतंय ना? व्हेन पंपाची आकृती तुझी आणि मजकूर माझा. तोच पंप आता आमच्या मोरीत वर्तमानपत्रावर उघडून ठेवला होता आणि तुझी फार आठवण येत होती.

आधी आमच्याकडचं चित्र सांगते, कारण तुमच्याकडे पिकअप म्हणजे घरची गाडी, आणि इथे ती पोट चालवते. अण्णा भायखळ्याच्या बाजारात होते हे तुला माहीतच आहे. १९९६ साली भाजीपाला आणि फळं हे दोन्ही बाजार मुंबईतून वाशीला आले, त्यांच्यामागे आम्हीही खाडी ओलांडली. अण्णा गेल्यावर दादाने धंदा सांभाळला. रात्री एपीएमसीच्या भाजी मार्केटमधून माल उचलायचा आणि उजाडायच्या आत नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या भाजीवाल्यांना पोचवायचा. पिकअप तीच, जुनी. दरवर्षी फिटनेसला उभी राहते आणि पास होते, कारण दादा तिची निगा जिवापाड राखतो.

तू त्या बाजारात रात्री कधी आली नाहीस. घाटावरून, नाशिककडून, पुण्याकडून आलेले ट्रक ओळीने लागलेले असतात, त्यांच्यामधून हातगाड्या पळतात, डोक्यावर पोती घेतलेले माथाडी "चलो, बाजू" म्हणत अंगावरून जातात. त्या गर्दीत गाळ्याला पाठ लावायची म्हणजे गाडी जवळजवळ उभीच असते आणि चाकं मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची असतात. स्टिअरिंग सगळ्यात जड असतं ते इथेच. गाडी धावत असली की टायर गोल फिरता फिरता वळतो. उभ्या गाडीत टायरचा जमिनीला टेकलेला तुकडा डांबरावर घासत, पिळत वळवावा लागतो, वर मालाचं ओझं. हवा थोडी कमी असली तर आणखीच. सायन-पनवेल हायवेवर तासभर चालवून जेवढे हात दुखत नाहीत, तेवढे मार्केटच्या एका गल्लीत दुखतात.

दादाच्या उजव्या खांद्याने गेल्या वर्षी साथ सोडली. हात कानापर्यंत जाईना, रात्री कुशीवर झोपवेना. डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं सांगितलं, व्यायाम दिले आणि सरळ विचारलं, "गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही का?" आहे, असं दादा म्हणाला. होतंही. नावापुरतं.

मला या बाबतीत खरंच वाईट वाटतं. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी आणि हजारो हमालांनी तो लढून मिळवला, आणि असा कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. त्याच माणसाने पोतं गाडीत टाकल्यावर पुढे ते ओझं ड्रायव्हरच्या खांद्यावर येतं, पण ते कुणी मोजत नाही. स्टिअरिंग जड झालं तर "गाडी जुनी झाली, चालायचंच" म्हणतात. पॉवर स्टिअरिंग म्हणजे एसीसारखी चैन, असं मानणारे मालक मी तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर आजही पाहते. वर्षानुवर्षं छोट्या मालवाहू गाड्यांचं स्वस्त मॉडेल त्याशिवायच मिळायचं. १९८८ साली पुण्यात टाटामोबाइल आली तेव्हापासून पिकअप ही गोष्ट आपल्या रस्त्यावर रुळली, पण ती हाकणाऱ्याच्या हातांचा विचार फार सावकाश झाला.

आणि हे उफराटं आहे, कारण पॉवर स्टिअरिंगचा उगमच मुळी ट्रकमधून आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य इंजिनिअर होता. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरचे काय हाल होतात ते त्याने रोज पाहिलं, नोकरी सोडली, स्वतःचं काम सुरू केलं आणि १९२०च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. मोठ्या कंपनीशी करार झाला, मंदीत तो बारगळला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते उपयोगी पडलं. आणि विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आलं ते १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरिअलमध्ये. म्हणजे श्रीमंताच्या गाडीत. ज्याच्यासाठी शोध लावला त्या ट्रकवाल्याच्या वाट्याला ते उशिरा आलं, आणि आपल्याकडच्या पिकअपवाल्याच्या तर त्याहून उशिरा.

आता कामाचं.

आमची तक्रार तुमच्या बरोबर उलट होती, हे नीट लक्षात घे. आमची गाडी रात्री निघताना हलकी असायची आणि माल भरून, मार्केटमध्ये तासभर रांगत, इंजिन कडक तापलं की जड व्हायची. एक्सिलरेटर थोडा दाबला की हलकी, सोडला की पुन्हा जड. यावरूनच निम्मं निदान होतं. तेल तापलं की पातळ होतं. पंप आतून झिजलेला असेल तर पातळ तेल फटींतून मागे निसटतं आणि पुढे जायचं तेवढं जात नाही. इंजिन आयडलला असताना पंप सावकाश फिरतो, तेव्हा ही गळती सगळ्यात जाणवते. तुर्भ्याच्या गॅरेजमधल्या उस्तादांनी गाडी सुरू करून दोनदा स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाले, "पंप बैठ गया है, बडा डाल दो." शेजारच्या गॅरेजमध्येही हेच उत्तर. बडा पंप हा इथे सगळ्या जड स्टिअरिंगवरचा रामबाण समजला जातो, आणि तुझ्या मेलवरून दिसतं की तुमच्याकडेही तेच.

मी मात्र रबाळ्याला आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पाइप आणि पंप तपासते, तेव्हा मोजल्याशिवाय पंपाला हात लावू द्यायला तयार नव्हते. उस्ताद हसले नाहीत. उलट म्हणाले, "लाओ मीटर, हम भी देखेंगे." तो माणूस मला त्या क्षणापासून आवडला.

मोजायचं असं. पंपातून स्टिअरिंगच्या पेटीकडे जाणारा जाड पाइप असतो, दाबाचा. तो सोडवून मध्ये दाबमापक आणि एक बंद करता येणारी झडप बसवायची. तेल चांगलं गरम करायचं, इंजिन आयडलला ठेवायचं, आणि झडप क्षणभर बंद करून काटा पाहायचा. पाच सेकंदांपेक्षा जास्त अजिबात नाही, नाहीतर पंप स्वतःच्याच दाबाने जळतो. झडप बंद असताना काटा पुरता वर गेला तर पंप ठणठणीत आणि दोष पेटीत. काटा मध्येच अडकला तर पंप गेलेला. आमच्या पेटीवरच्या पट्टीवर कमाल दाब ९० बार कोरलेला आहे. आमचा पंप थंड असताना सत्तरीपर्यंत गेला. गरम तेलावर पंचेचाळीसच्या वर काटा हलेना. उस्तादांनी तो काटा स्वतः बोटाने ठोकून पाहिला. निकाल लागला.

तरीसुद्धा पंप विकत घ्यायच्या आधी आम्ही पुढचा एक्सल जॅकवर घेतला. इंजिन बंद, चाकं हवेत, आणि हाताने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकं अधांतरी असूनही कुठे अडतंय का, कुठे घासतंय का? खालचा बॉल जॉइंट एका बाजूने सुकलेला होता आणि एक टायरॉड एंड खटखटत होता. हे सोडून कितीही मोठा पंप टाकला असता तरी त्या पंपाची अर्धी ताकद गंजलेल्या सांध्याशी भांडण्यात गेली असती. वर धोका वेगळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम सांगतो की स्टिअरिंगच्या चाकावर मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा आणि सांध्यांवर रबरी टोप्या हव्यात. आमची एक टोपी फाटलेली होती, त्यातून पावसाचं पाणी शिरत होतं. दोन्ही सांधे नवे घातले, ग्रीस भरलं, अलाइनमेंट केली, आणि पंप न बदलताच स्टिअरिंग थोडं सुधारलं. दादाला तेवढ्यावरच समाधान होत होतं. मी थांबू दिलं नाही.

पंप मग घरी आणून उघडला. तुझी आकृती डोळ्यांपुढे ठेवूनच. मध्ये खाचा पाडलेला रोटर, खाचांमध्ये दहा पातळ पोलादी पट्ट्या, भोवती लंबगोल कॅम रिंग. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर सरकून रिंगच्या भिंतीला चिकटून धावतात, आणि लंबगोलामुळे प्रत्येक फेरीत दोनदा तेल ओढतात आणि दोनदा ढकलतात. किती सुंदर कल्पना आहे, नाही? पट्टीची कड जरा झिजली तरी पुढची गळती ती स्वतःच बाहेर सरकून भरून काढते, म्हणूनच हे पंप इतकी वर्षं टिकतात. पण भिंतच खराब झाली तर ती काय करणार? आमच्या रिंगच्या आत बोट फिरवलं तर नखाला बारीक लाटा लागत होत्या, एकीमागे एक, सारख्या अंतरावर. पट्ट्यांच्या कडा एका अंगाने गोल झालेल्या. टाकीच्या जाळीवर चंदेरी भुकटी साचलेली, आणि तेल लाल असायचं ते काळं, जळका वास मारणारं. तो पंप नवीन सील टाकून वाचणार नव्हता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर रिकंडिशन केलेले पंप ढिगाने मिळतात. पण बाहेरून रंग मारलेल्या पंपाची आतली भिंत कोण दाखवणार? दादाच्या खांद्याचा प्रश्न होता, मी नवाच घ्यायचा आग्रह धरला.

नवा म्हणजे कसा, इथे थोडं गणित येतं. ते तुला आवडायचं म्हणून लिहिते. पंपाच्या दोन गोष्टी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. जोर येतो दाबातून. किती झटपट मदत मिळणार ते ठरतं दर मिनिटाला किती लिटर तेल येतं त्यावर. मोठा पंप, म्हणजे एका फेरीत जास्त तेल ढकलणारा पंप, स्टिअरिंगला जास्त जोर देत नाही. तो मदत लवकर पोचवतो. आमचा जुना एका फेरीला ९ घन सेंटिमीटरचा. इंजिन आयडलला ७५० फेऱ्यांवर, पुलीच्या हिशोबाने पंप ९०० वर. म्हणजे कागदावर मिनिटाला ८ लिटर. नवा असताना ते पुरत होतं. गाळ्याला लावताना दादा भराभर चाक फिरवतो, तेव्हा मात्र काठावर यायचं. आम्ही ११ चा घेतला. आयडललाच जवळजवळ १० लिटर. वेगात जास्तीचं तेल पंपातली प्रवाहाची झडप आपोआप मागे वळवते, त्यामुळे हायवेवर स्टिअरिंग हवेत तरंगल्यासारखं होत नाही. त्या झडपेचा आकडा मात्र आम्ही पेटीला जुळवूनच घेतला.

दाब वाढवला नाही. यावर उस्तादांशी थोडी चर्चा झाली, कारण बाजारात १२० बारचा पंपही मिळत होता आणि दुकानदार तोच गळ्यात मारत होता. पेटी ९० ची असताना १२० चा पंप बसवला तर पहिले काही दिवस सगळे खूश होतात, मग पेटीच्या खालच्या शाफ्टचं सील फुटतं आणि तेल रस्त्यावर. आमच्या पंपाची रिलीफ, म्हणजे जादा दाब सोडणारी झडप, ८५ बारला उघडते. ८५ बार दाबाने मिनिटाला ८ लिटर म्हणजे एक किलोवॅटहून थोडी जास्त ताकद होते. एवढी ताकद वळणाच्या क्षणी पंप पुरवतो. रात्रभर काम करणाऱ्या माणसाच्या दोन हातांकडून त्याचा दहावा हिस्साही सतत मिळत नाही. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

बसवायला जुनं ब्रॅकेट चाललं नाही. नव्या पंपाचे बोल्ट वेगळ्या जागी. पावण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून दहा मिलिमीटरच्या पट्टीचं ब्रॅकेट करून घेतलं. पुली सरळ रेषेत आहे की नाही हे उस्तादांनी दोरा ताणून पाहिलं, क्रँकच्या पुलीपासून पंपाच्या पुलीपर्यंत, आणि केसभर फरक निघाला तर एक वायसर काढून पुन्हा लावला. पुली त्यांनी पुलरने काढली आणि स्क्रू-प्रेसने चढवली. हातोडा हातात घेतला नाही. पुलीवर एक घाव घातला तर आतलं बेरिंग त्याच क्षणी खराब होतं आणि दोष नंतर पंप बनवणाऱ्याच्या माथी मारला जातो. दाबाचा पाइप मी आमच्या वर्कशॉपमधून क्रिंप करून आणला, एक्झॉस्टपासून हातभर लांबून नेला. गरम एक्झॉस्टवर तेल उडालं तर गाडी पेटू शकते, त्यामुळे साधा रबरी पाइप आणि क्लिप हा प्रकार दाबाच्या बाजूला कुणी सुचवला तर त्या गॅरेजमधून उठून यावं.

परतीच्या बाजूला आम्ही एक जादा गोष्ट केली. तेल टाकीत परतताना ते थंड व्हावं म्हणून रेडिएटरच्या पुढे एक साधं नळीचं वेटोळं बसवलं. मुंबईची मे महिन्यातली रात्र, उभी गाडी आणि चाकाची सतत उलटसुलट. तेलाला विसावा कुठेच नाही. तुला कॅलगरीत याची गरज नाही, पण इथे हा खर्च मी पहिल्या रांगेत धरीन.

हवा काढणं हे सगळ्यात संयमाचं काम. तेल दाबून लहान होत नाही, हवा होते, आणि ओळीत हवा राहिली की पंप करकरतो आणि स्टिअरिंग झटके देतं. पुढची चाकं जॅकवर, इंजिन बंद, टाकीत नवं लाल तेल, आणि एक जण सावकाश चाक फिरवतो, दुसरा टाकीत टॉर्च धरून बुडबुडे पाहतो. वहिनी चाकावर होती, टॉर्च माझ्याकडे. आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसता फेस, मग तोही विरला. तेव्हाच चावी फिरवली. इथे घाई करून थेट इंजिन सुरू करणारे बरेच असतात. त्यांचं तेल फेसाळतं आणि ते नव्या पंपालाच शिव्या देतात.

पहिल्या रात्री मी दादाबरोबर मार्केटला गेले. हापूस संपत आला होता, फळबाजाराच्या बाजूने पेट्यांचा तो वास अजून येत होता. जावक गेटच्या आतलं वळण, जिथे त्याला सीटवरून अर्धवट उठून चाक ओढावं लागायचं, तिथे त्याने बसल्या जागी, कोपर बरगडीला टेकवून गाडी लावली. काही बोलला नाही. मग गाळ्याला लावून उतरला आणि दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली, "ये रे, बसून बघ एकदा." त्या रात्री आमच्या पिकअपमध्ये किती जण बसून चाक फिरवून गेले! सगळ्यांचा एकच प्रश्न, खर्च किती. दादाने सगळ्यांना आधी माझं मीटर सांगितलं आणि मग खर्च. टोकाला नेऊन चाक दाबून धरू नका, हेही तो आता सगळ्यांना सांगतो. टोकाला चाक धरून ठेवलं की रिलीफ उघडी राहते आणि तेल जागच्या जागी तापतं.

आणि वहिनी. ही बातमी मी शेवटी ठेवणार होते पण धीर धरवत नाही. वहिनीचं हलक्या वाहनाचं लायसन कितीतरी वर्षं कपाटात होतं. जुन्या स्टिअरिंगवर तिने एकदा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. शिवाय मालाची गाडी त्या लायसनवर चालवता येते का, ही शंका. ती शंका आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मुकुंद देवांगण खटल्यात जे सांगितलं, तेच घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन पुरतं, वेगळा शेरा लागत नाही. आमची पिकअप त्याच्या कितीतरी खाली बसते. आता पहाटेचा सीवूड्सचा फेरा वहिनी करते. दादा तेवढ्या वेळात खांद्याचे व्यायाम करतो आणि झोपतो. पंपाच्या निवडीने घरात कामाची वाटणी बदलली, यापेक्षा मोठं समर्थन मला त्या खर्चासाठी नको.

इकडची बाकी बातमी थोडक्यात. खाडीवर अटल सेतू झाला हे तुला ठाऊक आहे, विमानतळाचंही उद्घाटन झालं. नेरूळच्या तळ्यावर फ्लेमिंगो येतात, वहिनी पहाटेच्या फेऱ्यात पाहते. काही नव्या छोट्या मालवाहू गाड्यांत आता पंपच नसतो. २०१९ साली टाटांची इंट्रा आली तीच विजेच्या मोटरचं स्टिअरिंग घेऊन. पंप सरळ रस्त्यावरही फुकट फिरत राहतो, मोटर वळणापुरतीच काम करते, डिझेल वाचतं. पण मोठ्या ट्रकांत तेलाचाच कारभार आहे, आणि त्यांच्या स्टिअरिंगच्या पेट्यांचा एक मोठा कारखाना आपल्या वढू बुद्रुकला आहे, संभाजी महाराजांच्या समाधीच्या गावात. आपली कॉलेजची सहल तिथून गेली होती तेव्हा आपण कारखान्याच्या फाटकाकडे पाहिलंही नव्हतं.

आता तुझ्या गाडीचं. माझं स्पष्ट मत आहे की तुम्ही मोठा पंप घेऊ नये, निदान आत्ता नको. तुमची गाडी थंडीत रडते आणि तापल्यावर ठीक होते. झिजलेला पंप याच्या उलट वागतो, आमचा वागला तसा. तुमच्याकडे थंडीत घट्ट झालेलं तेल टाकीतून पंपापर्यंत वेळेवर पोचत नाही, पंप रिकामा ओढतो, म्हणून तो आवाज. मोठा पंप तर त्याच पाइपमधून आणखी जास्त तेल ओढायला बघेल आणि आणखी रडेल. म्हणून क्रम असा ठेव. गाडीच्या पुस्तकात नेमकं कोणतं तेल लिहिलंय ते बघ, वर्षानुवर्षांचं जुनं तेल काढून तेच नवं भर. टाकीतली जाळी बदल किंवा टाकीच नवी घे. टाकीकडून पंपाकडे येणारा जाड, बिनदाबाचा पाइप दाबून बघ. तो आतून सुजलेला किंवा कडक झालेला असेल, क्लिप ढिली असेल तर तिथूनच हवा शिरते. टाकीत फेस दिसला तर शंका पक्की. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण बघ, मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबला पाहिजे. हे सगळं करूनही रड राहिली तरच मीटर लाव.

मीटर लावलंस तर तेल थंड असताना एक आणि गरम झाल्यावर एक असे दोन आकडे लिहून घे, स्टिअरिंगच्या पेटीवरच्या पट्टीचा फोटो काढ आणि मला पाठव. दुकानात पैसे भरण्याआधी पाठव. रात्री आमच्याकडे कुणी ना कुणी जागंच असतं.

तुझी,
सानपाड्याची मैत्रीण